जहांगीरच्या भिंतीवरून आमच्या दुकानाच्या भिंतीवर

मी डोंबिवलीत एकतीस वर्षं ब्लाउज शिवतेय आणि गेली चौदा वर्षं चित्रं विकत घेतेय. दोन्हीकडे नजर एकच लागते. कापड खांद्यावरून कसं उतरतं, दंडावर बाही कुठे ओढली जाते, बसल्यावर निऱ्यांचं काय होतं, हे ज्या चित्रकारानं नीट बघितलंय त्याच्या चित्रापुढे मी थांबते. माझ्याकडे सतरा चित्रं आहेत. सगळी ओळखू येणारी: माणसं, घरं, एक बैल, एक पाण्याचा हंडा. त्यातली बारा मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीतून घेतली. तेव्हा आमच्यासारख्यांनी वास्तववादी चित्र घ्यायला जहांगीरला जावं का, गेलं तर कसं बघावं, कसं घ्यावं, ते गेल्या महिन्यातल्या खरेदीवरून सांगते.

आधी सोयीचं. सीएसएमटीला उतरून हुतात्मा चौकावरून चालत काळा घोडा, रमतगमत वीस मिनिटं. गॅलरी रोज सकाळी अकरा ते संध्याकाळी सात उघडी, प्रवेशाला पैसे नाहीत. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या आठवणीसाठी दिलेल्या देणगीतून १९५२ साली ही इमारत उभी राहिली. आत वेगवेगळी दालनं आहेत. चित्रकार भाडं भरून दालन घेतो आणि साधारण मंगळवार ते सोमवार त्याचं प्रदर्शन असतं. हे दालन मिळायला चित्रकार काही वर्षं थांबलेला असतो, त्यामुळे तो आठवडाभर स्वतः तिथे बसतो. मला जहांगीर आवडतं ते या एका गोष्टीसाठी. ज्यानं चित्र काढलं त्यालाच विचारता येतं, "हा कागद कुठला? हा लाल टिकेल का? ही बाई कोण?" आणि उत्तर देताना त्याचा चेहरा दिसतो. पूर्वी दमल्यावर बसायला आतच समोवार नावाचं उपाहारगृह होतं, १९६४ पासूनचं. ते २०१५ मध्ये बंद झालं. तिथल्या लांबट जागेत चहा पीत मी माझं पहिलं चित्र घ्यायचं ठरवलं होतं, त्यामुळे अजूनही त्या बाजूला पाय वळतात.

मी कधीच थेट जहांगीरमध्ये शिरत नाही. आधी शेजारच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात किंवा चौकातल्या एनजीएमएमध्ये, म्हणजे सरकारच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात, अर्धा तास घालवते. जुनी चांगली चित्रं बघून डोळा जागा झाला की मग नव्या चित्रांपुढे उभं राहावं. २०१८ साली एनजीएमएमध्ये महादेव विश्वनाथ धुरंधरांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा मी दुकान बंद ठेवून दोनदा गेले होते. धुरंधर मूळचे कोल्हापूरचे, जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि तिथेच शिकवलं. त्यांच्या नऊवारीतल्या बायका बघताना कासोटा कुठून निघाला आणि कुठे खोचला ते बोटानं दाखवता येतं. पदराखालून चोळीची गाठ कळते. साडीचा काठ गुडघ्यावर वळतो तिथे काठाची नक्षीही वळते. नक्षी न वळवता सरळ रेटून नेणारे चित्रकार मी खूप पाहिलेत, आणि शिवणकाम करणाऱ्या बाईला ते लगेच खटकतं. वरळीच्या नेहरू सेंटरलाही अशी जुन्या मास्टर्सची प्रदर्शनं भरत आलीत. तिथे जायला मिळालं तर सोडू नका, डोळा तयार होतो.

आता जे खटकतं ते. गेल्या वर्षभरात वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या दालनांत बनारसचे घाट मी इतके पाहिले की मोजणं सोडलं. धावणारे घोडे, राजस्थानी पगडीतले म्हातारे, वारीतला अश्रू. यातल्या बऱ्याच चित्रांत हात तयार आहे, पण चित्र फोटोवरून उचललेलं आहे. फोटोत सावली काळी होते. प्रत्यक्षात पांढऱ्या धोतराच्या घडीत निळा असतो, थोडा जांभळा असतो, जमिनीवरून उठलेला तांबूसपणा असतो. फोटोतली घडी गोठलेली असते, कारण कॅमेऱ्यानं ती एका क्षणात पकडलेली असते. माणसाला समोर बसवून काढलं की तो श्वास घेतो, कूस बदलतो, घडी मोडते, पुन्हा पडते, आणि चित्रकाराला त्यातली खरी घडी निवडावी लागते. ही निवड चित्रात दिसते. दुसरं म्हणजे हात. चेहरा सुरेख रंगवायचा आणि हात पदराखाली, फुलांच्या मागे, अंधारात ढकलायचे, असं फार जण करतात. व्यक्तिचित्र घेताना आधी हात बघा. मग पाय जमिनीला टेकलेत का ते बघा.

गेल्या महिन्यात मी घेतलं ते जलरंगातलं चित्र. पंधरा बाय बावीस इंच, कागदवाले ज्याला हाफ इम्पिरियल म्हणतात ते. चित्रकार सातारा जिल्ह्यातला, पस्तिशीचा तरुण. पडवीत एक म्हातारी पाय पसरून बसलीय, मांडीवर गोधडी. एवढाच विषय. मी आधी पुढे निघून गेले होते. मग मागे आले, कारण काहीतरी ओळखीचं राहून गेलं असं वाटलं.

गोधडीला वरून जुन्या इरकलीचं अस्तर आहे. इरकलीचा तो लाल टोपपदर धुऊन धुऊन विटलेला, आणि त्याच्या शेजारी एका परकराचा तुकडा, त्याचा रंग मात्र अजून टिकलेला. दोन कापडं एकमेकांना जोडली की जुनं कापड ढिलं पडतं आणि नवं ताठ राहतं. मधल्या टिपेवर बारीक चुण्या येतात. त्या चुण्या चित्रात आहेत, आणि फक्त जुन्या कापडाच्या बाजूला आहेत. माझ्या अंगावर काटा आला. हे फोटो बघून कळत नाही, हे हाताखालून गेलेलं असावं लागतं. म्हातारीचा उजवा हात वर गेलाय, दोरा ताणलाय. सुई काढलेलीच नाही. तिच्या बोटांच्या चिमटीत फक्त कोरा कागद सोडलाय, टाचणीच्या डोक्याएवढा. जलरंगात पांढरा रंग वापरायचा नाही असं मानणारे चित्रकार उजेडाच्या जागी कागदच मोकळा ठेवतात. एकदा तिथे रंग लागला की कागदाचा पांढरा परत यायचा नाही. त्या पांढऱ्या कणामुळे सुई चमकते आणि दोऱ्यामुळे गोधडीला एवढासा उंचवटा आलाय.

मी विचारलं, "सुई काढायची राहिली की मुद्दाम?"

तो हसून म्हणाला, "काकू, याआधी तीन कागद वाया घालवले. सुई काढली की आई खोटी दिसायची."

आई. मग मी बराच वेळ काही बोलले नाही.

किंमत चोवीस हजार. टेबलावर किमतीची यादी असते, ती मागायला लाजू नका. मीही पहिली दोन वर्षं लाजायचे आणि किंमत न विचारताच घरी यायचे. यादी बघितली म्हणजे घेतलंच पाहिजे असं कुणी म्हणत नाही. मी घासाघीस करत नाही, कारण ब्लाउजच्या शिलाईत कुणी घासाघीस केली की मला काय वाटतं ते मला माहीत आहे. पण दोन हप्ते चालतील का हे मात्र सरळ विचारते, आणि बहुतेक जण हो म्हणतात. बारा हजार तिथेच फोनवरून दिले. त्यानं चित्राच्या नावाशेजारी लाल टिकली चिकटवली. विकलं गेल्याची ती खूण. बाकीचे पैसे सोमवारी चित्र नेताना. प्रदर्शन संपेपर्यंत चित्र भिंतीवरच राहतं, त्यामुळे मी गुरुवारी पुन्हा जाऊन आले. घेतलेलं चित्र दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या मूडमध्ये बघून यावं. पहिल्या दिवशी आवडलं आणि चौथ्या दिवशी निर्जीव वाटलं असं एकदा झालंय, तेव्हा दोष दालनातल्या उजेडाचा नव्हता, मीच भुलले होते.

बिल घ्या. चित्रकाराच्या सहीचं प्रमाणपत्र घ्या, त्यावर चित्राचं नाव, माप, माध्यम, साल आणि चित्राचा छोटा फोटो असावा. कागद कुठला ते लिहून घ्या. या चित्राचा कागद शंभर टक्के कापसाचा, तीनशे जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड आहे. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद काही वर्षांत पिवळा पडतो. लाल आणि गुलाबी रंगांबद्दल खास विचारा. जुना अलिझरिन क्रिमझन उन्हात उडतो, हल्ली त्याच्या जागी टिकाऊ रंग मिळतात. चांगला चित्रकार या प्रश्नाला चिडत नाही, पेटी उघडून ट्यूब दाखवतो. तैलचित्र घेत असाल तर कधी पूर्ण झालं ते विचारा. रंग वरून सुकला तरी आतून सुकायला महिने जातात, म्हणून शेवटचं व्हार्निश सहा महिने ते वर्षभरानं देतात. घाईनं व्हार्निश मारलेलं ताजं चित्र मी घेत नाही.

हे सगळं मी ठेच लागून शिकले. चार वर्षांपूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून "हातानं काढलेलं तैलचित्र" साडेसात हजारांना मागवलं. नथ घातलेली बाई, शालू. दुकानात टांगलं, सगळ्यांनी वाहवा केली. आठवड्याभरात मला शालूकडे बघवेना. ब्रशचे फराटे आडवे आणि घड्या उभ्या. पंचांग वाचायचं भिंग आणून बघितलं तर फराट्यांखाली रांगोळीसारखे बारीक ठिपके. छापलेल्या कॅनव्हासवर पारदर्शक जेल फिरवलेलं होतं. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी जवळ भिंग ठेवते, आणि तैलचित्रावर मोबाइलचा टॉर्च बाजूनं, तिरका धरते. खऱ्या रंगाचा थर आकाराबरोबर चालतो. जुन्या बाजारात राजा रविवर्म्याचं म्हणून जे दाखवतात तेही बहुतेक ओलिओग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेली चित्रं असतात. त्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला. ओलिओग्राफ आवडला तर जरूर घ्या, जरीटिकल्या लावलेले तर फार देखणे असतात, फक्त छापील म्हणून घ्या. रविवर्म्याच्या मूळ चित्राची गोष्टच वेगळी. २०२३ साली पुंडोले या लिलावगृहाच्या लिलावात त्यांचं यशोदा-कृष्णाचं चित्र अडतीस कोटींना गेलं. ते राष्ट्रीय ठेवा मानलेल्या चित्रकारांपैकी आहेत, त्यांची चित्रं देशाबाहेर विकायला नेता येत नाहीत.

फ्रेमवर पैसे वाचवू नका. माझं एक सुंदर जलरंग आमच्याच भागातल्या एका फ्रेमवाल्यानं गोंदानं प्लायवूडला चिकटवून टाकलं. दुसऱ्या पावसाळ्यात त्यावर तपकिरी ठिपके आले, ते आता निघत नाहीत. तेव्हापासून मी उभी राहून करून घेते. आम्लमुक्त माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, कागद फक्त वरच्या दोन टोकांना टांगलेला, काच आणि चित्र यांत माउंटची जाडी सोडलेली, मागून टेपनं बंद. आणि बाहेरच्या भिंतीवर टांगायचं नाही, पावसात ती ओल धरते.

सोमवारी सहा वाजता चित्र घ्यायला गेले. चित्रकार आणि त्याचा मित्र भिंती रिकाम्या करत होते, लाल टिकल्यांचे अकरा कागद टेबलावर ओळीनं ठेवले होते. त्यानं पुठ्ठे लावून, बबल रॅप गुंडाळून दिलं. गर्दी ओसरेपर्यंत मी बाहेर फुटपाथवरच्या चित्रकारांकडे बघत थांबले. एक जण अर्ध्या तासात कोळशानं व्यक्तिचित्र काढत होता, नाक पहिल्या रेषेत बसलं. मग टॅक्सीनं सीएसएमटी आणि तिथून सुटणारी स्लो लोकल. चित्र मांडीवर.

आता ते दुकानात कापण्याच्या टेबलाच्या समोर आहे, खिडकीपासून लांब. परवा वाल्हेकडच्या एक आजी नातीच्या ब्लाउजचं माप द्यायला आल्या होत्या. मी मुंढ्याचं माप घेत होते, त्या काचेजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"दोरा दुहेरी घेतलाय हिनं," त्या म्हणाल्या. "गोधडीला असाच घ्यावा लागतो."

टेप हातात घेऊन मी त्यांच्या शेजारी गेले. भिंग आणलं. कापडात शिरण्याआधी, अगदी टोकाशी, दोऱ्याचे दोन पदर केसभर वेगळे झालेले आहेत.