घनता बरोबर, खनिज भलतंच: बराइटच्या खरेदीत झालेली फसवणूक

क्ष-किरण खोल्यांच्या भिंतींना किरण अडवणारा बराइट या जड खनिजाचा गिलावा करायची कामं मी घेतो. ज्या पुरवठादाराने आम्हाला गंडवलं, त्याने वजनात एक ग्रॅमही मारला नाही. पोती भरलेली होती, माल कोरडा होता, आणि पुडीचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या किती पट घनता ते, ऑर्डरमध्ये लिहिल्याप्रमाणे बरोबर ४.२ भरलं. तरी त्यात बराइट निम्मंसुद्धा नव्हतं. हा प्रकार कसा चालतो ते खोलात जाऊन लिहितोय, कारण या धंद्यात अजून बहुतेकांची पारख तराजूपाशीच थांबते.

बराइट म्हणजे निसर्गात सापडणारं बेरियम सल्फेट. शुद्ध स्फटिकाचं विशिष्ट गुरुत्व ४.५ च्या आसपास, पण खनिजांच्या दहापैकी मापावर कठिनता अवघी ३ ते ३.५. म्हणजे जड असूनही मऊ, दळायला सोपं. जगातलं बहुतेक बराइट तेल आणि वायूच्या विहिरी खोदताना वापरतात त्या चिखलात जातं. खोलवरचा वायू दाबाने उसळून वर येऊ नये म्हणून तो चिखल जड करावा लागतो. तिथे काम वजनाचं, म्हणून बाजाराची भाषाही वजनाची. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या मानकात पूर्वी ४.२० लागायचं, २०१० मध्ये ४.१० ची प्रतही मान्य झाली. तोच ४.२ चा आकडा पुढे गिलाव्याच्या ऑर्डरींमध्येही येऊन बसला.

गिलाव्याचं गणित मात्र निराळं आहे. क्ष-किरण अडवायचं मुख्य काम बेरियम करतं. त्याचा अणुक्रमांक ५६. किरणांची ऊर्जा साधारण ३७ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर गेली की त्याची शोषणक्षमता एकदम उडी मारते, आणि तपासणीच्या यंत्रांतले बरेचसे किरण त्याच्या वरच्याच पट्ट्यात असतात. लोखंडाचा अणुक्रमांक २६. साठ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला एक ग्रॅम बेरियम एक ग्रॅम लोखंडाच्या सहा-सात पट किरण शोषतं. तराजूला हा फरक कळत नाही.

लबाडी नेमकी इथेच होते. खाणीतून निघालेला हलका माल, ज्यात क्वॉर्ट्झ, म्हणजे हलकी गारगोटी, भरपूर आहे, तो घ्यायचा. त्याचं विशिष्ट गुरुत्व समजा ३.७. त्यात मॅग्नेटाइट या काळ्या लोहखनिजाची पूड मिसळायची, ती ५.२ ची असते. आकारमानाने दोन भाग हा माल आणि एक भाग मॅग्नेटाइट घेतलं की मिश्रण चोख ४.२ ला येतं. वजनाने हिशोब मांडला तर अशा पोत्यात खरं बराइट सुमारे ४१ टक्के, मॅग्नेटाइट जवळपास तितकंच, आणि उरलेलं क्वॉर्ट्झ. घनतेची बाटली घेऊन दिवसभर बसलात तरी हा माल पासच होणार. मिसळणाऱ्याला खनिजशास्त्र चांगलं येत होतं, हे मान्य करायलाच हवं.

नमुना म्हणून आलेली पिशवी अस्सल होती. सोबतचा टेस्ट रिपोर्टही खराच होता, फक्त त्यावरचा लॉट क्रमांक पुढे आलेल्या पोत्यांवर कुठेच नव्हता. खेप आली ती नमुन्यापेक्षा गडद. विचारलं, तर उत्तर तयार: ‘मंगमपेटचा माल करडाच असतो.’ यातला अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच तो पचतो. आंध्र प्रदेशातल्या मंगमपेटचा साठा जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक, आणि तिथलं थरांतलं बराइट खरोखरच करडं असतं. शिरांमध्ये सापडणारं पुष्कळदा पांढरं असतं. पण खडा करडा असला तरी बराइटचा कस, म्हणजे घासल्यावर उमटणारी रेघ, पांढरा. दळून पूड केली की रंग फिकटच व्हायला हवा. काळपट पूड म्हणजे आत दुसरं काहीतरी दळलंय.

एका खोलीचा गिलावा झाल्यावर मापन करणाऱ्या तज्ज्ञांनी भिंतीपलीकडचं वाचन हिशोबापेक्षा जास्त असल्याचं सांगितलं. आधी दाराचा शिशाचा पत्रा तपासला, मग सांधे, मग यंत्राची दिशा. सगळं ठीक. शेवटी उरलेल्या पोत्यातली पूड कागदावर पसरून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक वरून फिरवलं, तर पिशवीला काळी दाढी आली. बराइट चुंबकाला ढिम्म दाद देत नाही. प्रयोगशाळेच्या अहवालात बेरियम कमी आणि लोह भरमसाट निघालं.

पुरवठादाराचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं: ‘तुम्ही ४.२ मागितलं, आम्ही ४.२ दिलं. त्यात काय खोटं?’ बिलावर ‘बराइट पावडर’ असं छापलेलं होतं, त्याबद्दल मात्र तो बोलेना. न उघडलेली पोती त्याने परत नेली. लागलेल्या गिलाव्याचे, तो खरवडून काढण्याच्या मजुरीचे पैसे अजून अडकलेत.

आता आमच्या ऑर्डरमध्ये घनतेच्या आधी बेरियम सल्फेटचा टक्का आणि लोहाची कमाल मर्यादा येते. नमुना दोघांच्या सह्यांनी सीलबंद राहतो, आणि तपासणीसाठी पूड प्रत्येक लॉटमधून, पोत्याच्या पोटातून काढली जाते. वरच्या थरातून नाही. चुंबकाची चाचणी जागेवरच. हेमॅटाइट हे दुसरं लोहखनिज मिसळलं असेल तर साधं चुंबक ते फारसं पकडत नाही, पण पूड लालसर दिसते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून फेस आला तर कॅल्साइट किंवा डोलोमाइट, म्हणजे चुनखडीच्या जातीचं खनिज, आहे. बराइटवर त्या आम्लाचा परिणाम होत नाही. या चाचण्यांतून क्वॉर्ट्झ मात्र निसटतं, म्हणून प्रयोगशाळेचं रासायनिक पृथक्करण टाळू नका, आणि नमुना स्वतः पाठवा.

त्या परत गेलेल्या पोत्यांचं पुढे काय झालं, ते एका ओळखीच्या कंत्राटदाराकडून कळलं. त्याला आलेल्या कोटेशनमध्ये बराइटचं नाव नाही. फक्त ‘हेवी पावडर, ग्रेड ४.२, क्ष-किरण गिलाव्यासाठी’ असं लिहिलंय.