डिफरन्शियलमध्ये भुसा भरून मला विकलेली पिकअप

पहाटेचे साडेतीन वाजले होते. माळशेज घाट उतरत होतो, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, मागे टोमॅटोचे ५५ क्रेट, म्हणजे अकराशे किलोच्या आसपास माल. शेजारी पुतण्या झोपला होता. मागच्या बाजूने आधी कडकड ऐकू आली, मग एक दणका बसला आणि गाडी सुटली. गिअर तसाच होता, पण इंजिनाने धरून ठेवलेली गाडी एकदम मोकळी झाली. घाटात माल वाहिलेल्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. ब्रेक दाबत दाबत गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, हँडब्रेक ओढला आणि पुतण्याने उडी मारून चाकांना दगड लावले. ब्रेक चांगले होते म्हणून आम्ही दोघे घरी आलो.

माल दुसऱ्या टेम्पोत पलटी केला. तो कल्याणच्या बाजार समितीत पोहोचेपर्यंत नऊ वाजले आणि भाव पडला होता. गाडी टोचन करून हळूहळू मुरबाडला आणली.

तिथल्या मिस्त्रींनी मागच्या हाउजिंगचा, म्हणजे मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलच्या लोखंडी पेटीचा, खालचा नट खोलला, पण ऑइल बाहेर येईना. तार घालून कोरल्यावर काळा, जाड लगदा लोंबायला लागला. मिस्त्रींनी तो मूठभर घेतला, डिझेलमध्ये धुतला आणि तळहात माझ्यापुढे धरला. त्यावर लाकडाचा भुसा होता. "भाऊ, गाडी कुणाकडून घेतली?" एवढंच त्यांनी विचारलं.

गाडी मी पाच आठवड्यांपूर्वी पुण्याच्या बाजूच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून घेतली होती. २००९ सालची, दोन लाख पस्तीस हजारांना. "दादा, गाडी एकदम मख्खन आहे, पाटासुद्धा वाजत नाही," असं तो म्हणाला होता आणि खरंच काही वाजत नव्हतं. तिथेच मी फसलो.

भुशाने काय होतं ते मला मिस्त्रींनी समजावलं आणि ते प्रत्येक गिऱ्हाइकाला माहीत असायला हवं. इंजिनाची ताकद प्रोपेलर शाफ्टने, म्हणजे गाडीखालच्या लांब दांड्याने, मागे येते, पिनियन हे छोटं दातेरी चाक क्राऊन या मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं आणि क्राऊनकडून ती दोन्ही चाकांना जाते. दात झिजले किंवा पिनियनचं बेअरिंग ढिलं झालं की मागून घूंऽऽ असा सूर लागतो. तो सूर म्हणजे गाडी स्वतः सांगत असते की माझ्यात मोठं काम आलंय. ऑइलमध्ये ग्रीस आणि भुसा घातला की दातांमधली झिजेची जागा भरते आणि आवाज दबतो. पण भुसा ऑइल शोषून घेतो. क्राऊनने उडवलेलं ऑइल ज्या वाटेने पिनियनच्या पुढच्या बेअरिंगकडे जातं, ती वाटही त्याने तुंबते. माझ्या गाडीचं ते बेअरिंग कोरडं पडून जळून निळं झालं होतं. बेअरिंग गेलं की पिनियन जागचा हलतो, दात पुरते न बसता टोकाटोकावर घासतात आणि मालाच्या ओझ्याखाली तुटतात. पिनियनचे तीन दात लगद्यात सापडले.

म्हणजे हा बिघाड अचानक झालेला नाही. व्यापाऱ्याला तो माहीत होता, म्हणून तर भुसा घातला. भरल्या गाडीने घाट उतरणाऱ्या माणसाच्या गाडीत हे करणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं आहे, आणि याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आता आठवलं की खुणा सगळ्या समोर होत्या. गाडीखाली सगळीकडे चिखल आणि गंज, पण मागचं हाउजिंग तेवढं काळ्या रंगाने ताजं रंगवलेलं. मला वाटलं, निगा राखली आहे. खरं तर रंगाखाली पिनियनच्या सीलमधून झालेली गळती लपवली होती. ऑइल भरायच्या नटाच्या कडा पान्याने नुकत्याच घासून चकचकीत झाल्या होत्या. चक्कर मारायला दिली तीही रिकामी गाडी, जेमतेम एक किलोमीटर, आणि टेप मोठ्याने लावलेला. पुढे तिसऱ्या आठवड्यात पन्नासच्या वेगाला बारीक गुणगुण यायला लागली, तेव्हा मी तो टायरचा आवाज समजलो. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. क्राऊन-पिनियनचा आवाज रेस देताना आणि सोडताना बदलतो. हा फरक मला तेव्हा कुणी सांगितला असता तर गाडी घाटात नेलीच नसती.

म्हणून जुनी पिकअप बघायला जाल तेव्हा हाउजिंगचा भरायचा नट स्वतःसमोर खोलून घ्या आणि बोट आत घाला. ऑइल भोकाच्या काठापर्यंत हवं. ते बोटांवरून सरळ ओघळलं पाहिजे, त्यात गुठळी, रेषा, भुसकट लागता कामा नये. खालच्या नटाला चुंबक असेल तर त्यावरची पिठासारखी बारीक पूड चालते, कपचे मात्र नाहीत. गाडी बंद, न्यूट्रलमध्ये, चाकांना दगड लावून प्रोपेलर शाफ्ट हाताने हलवून बघा. पिनियनपाशी तो वरखाली हलला तर बेअरिंग गेलंय. टेप बंद करून पन्नास-साठच्या वेगाने किमान दहा किलोमीटर चालवा. व्यापारी नट खोलू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

तुटल्यावर काही गॅरेजवाले "फक्त पिनियन बदलू, पैसे वाचतील" म्हणतात. ऐकू नका. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घासून बसवलेले असतात, बऱ्याच सेटमध्ये दोन्हींवर एकच जोडीचा नंबर कोरलेला असतो. नवा पिनियन जुन्या क्राऊनवर टिकत नाही. मला पूर्ण सेट, बेअरिंग, सील आणि मजुरी धरून २७,४०० रुपये लागले.

व्यापाऱ्याकडे गेलो तर म्हणाला, "लोखंड आहे ते, कधी तुटेल कुणी सांगावं? तुम्ही सही केली आहे." विक्रीच्या कागदावर 'जशी आहे तशी' असं लिहिलेलं होतं, हे खरं. पण माहीत असलेला दोष मुद्दाम झाकणं याला भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ मध्ये फसवणूक म्हटलं आहे. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला परिवहन खात्याचं अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते मी आधी मागितलंच नव्हतं. नंतर मागितलं, तर त्याच्याकडे नव्हतं.

मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. गाडी धंद्याची असली तरी स्वतः चालवून पोट भरणारा माणूस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक ठरतो. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. हाउजिंग खोलताना पुतण्याने मोबाइलवर व्हिडिओ काढला होता, तो मी जोडला. मिस्त्रींनी बिलावरच 'ऑइलमध्ये लाकडाचा भुसा निघाला' असं लिहून सही करून दिली. तो लगदा एका बरणीत सील करून ठेवला आहे आणि पुढच्या तारखेला तुटलेल्या तीन दातांसकट आयोगासमोर ठेवणार आहे.