वेल्ह्याचं होमस्टे: मोबाईल डब्यात आणि घरचे सगळे अंगणात

तोरण्याच्या पायथ्याला वेल्ह्याजवळ शेतावरचं एक घरगुती होमस्टे आहे, जानेवारीत सासू-सासरे, आम्ही दोघं आणि पोरं असे सगळे वीकेंडला जाऊन आलो. पुण्यातून खडकवासल्यावरून पाबे घाटाने गेलो, रस्ता फार सुंदर आहे पण वळणं भरपूर, गाडी लागत असेल तर नसरापूरवरून जा.

इथली खासियत म्हणजे पोचल्यावर चहाच्या आधी काकू स्टीलचा डबा पुढे करतात, सगळ्यांचे मोबाईल स्विच ऑफ करून त्यात. जबरदस्ती नाही, पण ठेवायचे तर मोठ्यांनीपण ठेवायचे, नुसते पोरांचे घेत नाहीत, आणि मला हेच सगळ्यात पटलं. बापाच्या हातात फोन असताना पोराला 'ठेव तो' म्हणून काय उपयोग? सांगलीच्या मोहित्यांचे वडगावमध्ये 2022 पासून संध्याकाळी 7 ला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवतात, तेही अख्खं गाव मिळून करतं म्हणूनच जमतं.

पहिली संध्याकाळ जड जाते, खरं सांगते. मुलगा सारखा 'बोअर होतंय' करत होता, नवऱ्याचा हात उगाच खिशाकडे जात होता. जेवणं झाल्यावर सासरे नातवाला अंगणात घेऊन गेले, मृगातल्या तीन चांदण्यांचा बाण दाखवला आणि म्हणाले आता याच रेषेत खाली ये, सगळ्यात लखलखीत दिसेल तो व्याध. बराच वेळ मान वर करून बसला आणि मग एकदम ओरडला, "आबा, सापडला!" बाबांना एवढी नक्षत्रं येतात हे मलाही माहीत नव्हतं, इतकी वर्षं एका घरात राहून. मग कृत्तिका, रोहिणी, त्यांच्या लहानपणी रात्री शेताला पाणी द्यायला जायचे ते, कितीतरी वेळ बोलत होते आणि कोणीच मधे उठलं नाही.

जेवण एक नंबर. चुलीवरची तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, इंद्रायणीचा गरमागरम भात. सकाळी बंबाचं पाणी आणि मग मेंढीकोटचा डाव, त्यात आईंनी सगळ्यांना हरवलं. तोरणा 1403 मीटर आहे, आईंचे गुडघे बघता खालूनच बघितला.

आता खटकलेलं. गाद्या पातळ आहेत. बाथरूम खोलीला लागून नाही, आणि मोबाईल डब्यात म्हणजे टॉर्चपण डब्यात, त्यामुळे बॅटरी घरूनच न्या. शेजारच्या खोलीतल्या मंडळींनी फोन दिले नव्हते, अंगणात बसून मोठ्या आवाजात रील्स चालू, तेव्हा निदान अंगणात तरी फोन नको असा नियम मालकांनी करावा, तसं मी काकूंना सांगितलंय.

जाणार असाल तर पैसे कॅश ठेवा, काकांचा नंबर घरी आणि ऑफिसात देऊन ठेवा, अर्जंट काही असलं तर ते लगेच हाक मारतात. थंडीत लहान मुलांना कानटोपी हवीच. आम्ही मे महिन्यात नणंदेच्या मुलांना घेऊन परत जातोय.