बेज इंटिरियरवरचे शाईचे डाग: काय निघालं, काय नाही निघालं (बरेच महिने वापरून झाल्यावर)

आधी निकाल सांगून टाकते, घाईत असाल तर एवढं वाचून पळा. बॉलपेनचा ताजा डाग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे मोबाईल रिपेअरवाले ज्याला नुसतं आयपीए म्हणतात ते, बाकीचे महागडे स्प्रे विसरा. जेल पेनला आयपीएने अर्धंमुर्धं काम होतं. स्टॅम्प पॅडच्या शाईला आधी साबणाचं पाणी. आणि मतदानाची शाई लागली असेल तर हात जोडा आणि गप्प बसा. हे चारही प्रकार एकाच गाडीत कसे काय, तर मी हायस्कूलला शिकवते, गाडी म्हणजे माझी अर्धी स्टाफरूम आहे, वह्यांचे गठ्ठे, लाल पेनं, शिक्का, पॅड, मार्कर सगळं मागच्या सीटवर पडलेलं असतं, आणि लेक सहावीत आहे म्हणजे तिचं कंपासपेटीचं दुकान वेगळंच.

गाडी डिझायर, आतून बेज आणि काळी. डोअर पॅड बेज, छताचं कापड पांढरटसर, आणि सीटवर आम्ही हौसेने आर्ट लेदरची कव्हरं पण बेजच घालून घेतली. कव्हरवाला म्हणाला होता, मॅडम ओल्या फडक्याने पुसलं की झालं. चहा, चिखल, उसाचा रस हे खरंच पुसलं जातं, त्याबद्दल तक्रार नाही. शाईचं मात्र तसं नाही, कारण आर्ट लेदर म्हणजे शेवटी पीव्हीसीचं रेक्झिनच, त्याला मऊ ठेवायला आत जे तेलकट रसायन घातलेलं असतं ते शाईतला रंग हळूहळू आत ओढून घेतं. म्हणून आज पडलेला डाग आणि महिनाभर उन्हात भाजलेला डाग दिसायला सारखे असले तरी पहिला वरती बसलेला असतो आणि दुसरा आत उतरलेला असतो. वर काहीही लावा, आत उतरलेला पुसून निघत नाही, फार तर फिका होतो. नव्या जीन्सचा निळा रंग बेज सीटवर चढतो ना, तो पण याच कारणाने.

आणि पेनं गाडीत गळतात का, तर सांगलीचा एप्रिल-मे बघा एकदा. काचा बंद करून गाडी शाळेच्या पटांगणात दुपारभर उभी राहिली की आत भट्टी होते, रिफिलमधली घट्ट शाई पातळ होते, आतली हवा फुगते आणि पेन शाई ओकतं. टोपण लावलेलं असलं तरी ओकतं. त्यामुळे उन्हाळ्यात सीटच्या खाचेत पेन राहू देऊ नका हा खरा उपाय, पण तो सांगून उपयोग नाही, माझ्याच घरात कोणी ऐकत नाही.

आता आयपीए. भाऊ पुण्यात असतो, त्याने तापकीर गल्लीतून ९९ टक्केवालं आणून दिलं, ऑनलाइन पण मिळतं, अर्धा लिटर दोनशे-तीनशेच्या आसपास. सरळ ९९ टक्के वापरू नका असं मी म्हणेन. एक तर ते इतक्या पटकन उडतं की शाई विरघळायच्या आत फडकं कोरडं, आणि दुसरं म्हणजे आर्ट लेदरवरचं पातळ कोटिंग ते ओढून काढतं. मी सात भाग आयपीए आणि तीन भाग डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत घालतो तेच, असं करून छोट्या स्प्रे बाटलीत भरते. आधी सीटच्या मागच्या बाजूला खाली, कोणाला दिसणार नाही अशा जागी लावून बघायचं, पांढऱ्या फडक्यावर बेज रंग उतरायला लागला तर तो डाग नाही, तुमची सीटच उतरतेय, तिथेच थांबायचं.

पद्धत महत्त्वाची आहे म्हणून सविस्तर लिहिते. ड्रायव्हर सीटच्या कडेला लाल बॉलपेन फुटलं होतं, नाण्याएवढा गोळा आणि त्यातून खाली ओघळ. स्प्रे सीटवर मारायचाच नाही, फडक्यावर मारायचा. जुन्या पांढऱ्या बनियनचे तुकडे सगळ्यात भारी, मायक्रोफायबर रंगीत असतं आणि त्यात शाई किती आली ते कळत नाही. तुकडा डागावर दाबायचा, चारपाच सेकंद धरायचा, उचलायचा. उचललं की बनियनवर गुलाबी-लाल ठसा दिसतो. लगेच कोरी बाजू फिरवायची, परत दाबायचं. घासायचं नाही, टिपायचं. घासलं की नाण्याएवढा डाग तळहाताएवढा होतो आणि कव्हरच्या त्या बारीक सुरकुत्यांसारख्या रेषा असतात त्यात लाल पाणी जाऊन बसतं. कडेकडून आत यायचं, मधून बाहेर नाही. ठसा फिका होत जातो, शेवटी फडकं पांढरंच राहतं, मग साध्या ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करायचं. सपाट भागावरचं सगळं निघालं, खोटं नाही सांगत, जागा शोधावी लागते. शिलाईच्या दोऱ्यात मात्र लाल अजून आहे, कानात घालायच्या काडीने एकेक टाका पुसला तरी दोरा शाई प्यायलेला तो प्यायलेलाच.

हे करताना दारं चारही उघडी, गाडी बंद, आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढे उदबत्ती लावली असेल तर ती आधी विझवा. हसू नका, आयपीएची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाच पेट घेऊ शकते आणि बंद गाडीत ती कोंडून राहते.

घरगुती उपायांचं म्हणाल तर शाळेत प्रत्येकाने एकेक सांगितला आणि बरेचसे मी करून बघितले. सॅनिटायझर जेल बॉलपेनवर चालतं, त्यात अल्कोहोलच असतं, आणि जेल असल्यामुळे दाराच्या उभ्या भागावर ओघळत नाही हा त्याचा फायदा, पण मागे चिकट थर ठेवतं, तो पुसला नाही तर त्यावर धूळ बसून वेगळाच डाग तयार. डेटॉलने थोडं निघतं, त्यातही अल्कोहोल असतंच, पण आठवडाभर गाडीत बसलं की दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. टूथपेस्टने शाई निघत नाही, पृष्ठभाग खरवडला जातो, आणि पांढरी पेस्ट प्लॅस्टिकच्या दाण्यात अडकते ती वेगळी काढत बसा. लिंबू-मीठ, दूध, हे शर्टाच्या खिशाला लावत असतील लोक, रेक्झिनला शून्य फरक. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर याबद्दल मात्र हात जोडून सांगते, नको. आमच्या इथल्या एका वॉशिंगवाल्याने मी नको म्हणत असताना दाराच्या हँडलजवळ मार्करच्या रेघेवर थिनरचा बोळा फिरवला, रेघ गेली, तिच्यासोबत प्लॅस्टिकचा पोत पण गेला, आता तिथे दोन बोटं रुंद पांढरट चट्टा आहे आणि तो कुठल्याही क्रीमने जात नाही. मार्कर परवडला असता. बाय द वे, परमनंट मार्कर कडक प्लॅस्टिकवरून आयपीएने आरामात निघतो, थिनरची गरजच नव्हती.

मॅजिक स्पंज, म्हणजे तो पांढरा मेलामाइनचा, याच्याबद्दल माझं मत पहिल्या महिन्यात फार चांगलं होतं आणि आता नाही. तो डाग विरघळवत नाही, एकदम बारीक पॉलिश पेपरसारखा घासून काढतो. डोअर पॅडवर जेल पेनच्या निळ्या रेघा होत्या त्या चुटकीसरशी गेल्या, आम्ही खूश. पण संध्याकाळचं तिरकं ऊन दारावर पडलं की घासलेली जागा गुळगुळीत चमकते आणि आजूबाजूचं मॅट राहिलेलं, म्हणजे डागाच्या जागी डागाच्याच आकाराची चकाकी. रोज बसणाऱ्याला ते दिसतं. अगदीच दुसरं काही चाललं नाही तर, ओला करून, हलक्या हाताने, आणि सीटवर तर नकोच.

जेल पेन अवघड का, तर त्यात बहुतेक वेळा विरघळणारा रंग नसून रंगाचे बारीक कण असतात पाण्यातल्या जेलमध्ये. पाणी उडून गेलं की कण चिकटून बसतात, अल्कोहोलला विरघळवायला फारसं काही हातात लागत नाही. ओलं असताना साबणाच्या पाण्याने टिपलं तर छान निघतं. वाळल्यावर इंटिरियर क्लीनरचा फेस, मऊ ब्रश, आणि धीर. आमच्या छतावर लेकीने मागे झोपून काढलेली एक निळी फुली होती. छताचं कापड फोमवर गोंदाने चिकटवलेलं असतं, त्यामुळे तिथे भिजवलं की गोंद सुटतो आणि कापड लोंबायला लागतं, एका ओळखीच्यांच्या गाडीत त्याचा तंबू झालेला बघितलाय. म्हणून फेस फडक्यावर, नुसता दमट हात, एकाच दिशेने, मग वाळू द्यायचं, दुसऱ्या दिवशी परत. फुली गेली नाही पण अशी फिकी झाली की दाखवल्याशिवाय कळत नाही. मी तिथे सोडून दिलं.

स्टॅम्प पॅडची जांभळी शाई हा सगळ्यात चिवट प्राणी, कारण ती लवकर वाळू नये म्हणूनच बनवलेली असते. पॅड उघडं राहून मागच्या पायाखालच्या कार्पेटवर पालथं पडलं. चमच्याने आणि टिश्यूने जेवढं उचलता येईल तेवढं आधी उचललं, मग भांड्याच्या लिक्विडचे थेंबभर कोमट पाण्यात घालून टिपत बसले. संध्याकाळी स्वच्छ वाटलं आणि सकाळी बघते तर जांभळं वर्तुळ परत वर. कार्पेट वाळताना खालचं पाणी वर येतं आणि शाई घेऊन येतं, कापडी सीटलाही हेच होतं, कितीतरी लोक म्हणतात ना डाग परत आला. त्यावर उपाय मिस्टरांना सुचला आणि तो खरंच चालला: शेवटचं टिपून झालं की कोऱ्या सुती कापडाची जाड घडी त्यावर ठेवायची आणि वर वजन, आमच्याकडे जाडजूड शब्दकोश ठेवला होता. वाळताना शाई वर येते ती कार्पेटऐवजी घडीत जाते. दोनतीन रात्री केलं, आता नीट बघितलं तरच जांभळट झाक आहे.

सीटबेल्टवर मिस्टरांच्या खिशातल्या पेनाच्या रेघाच रेघा आहेत. तिथे आयपीए, ब्लीच काही लावायचं नाही, गाडीच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं, पट्ट्याचे धागे कमकुवत होऊ शकतात. सौम्य साबण, कोमट पाणी, पट्टा पूर्ण बाहेर ओढून क्लिप लावून सावलीत वाळवायचा, ओला आत जाऊ द्यायचा नाही. रेघा निघाल्या नाहीत. राहू देत. मीटरच्या आणि स्क्रीनच्या काचेवर पण अल्कोहोल नको, ते प्लॅस्टिक असतं, बारीक तडे जातात.

राहिली मतदानाची शाई. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला सासूबाई मतदान करून आल्या आणि ओल्या बोटानेच दार ओढून घेतलं. तेव्हा डोअर पॅडवर फिकट जांभळं काहीतरी दिसत होतं, दोन दिवस ऊन लागल्यावर काळपट तपकिरी. ही शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात बनते, १९६२ च्या निवडणुकीपासून वापरतात, आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, म्हणजे तो रंग विरघळायचा प्रश्नच नाही, प्रकाशाने चांदी तिथेच काळी होऊन बसते. आयपीए, फेस, स्पंज, सगळं झालं, ढिम्म. बोटावरची नख वाढून जाते, दाराला नख नाही. त्यावर आता मॅपचं छोटं स्टिकर लावलंय.

इतक्या महिन्यांनंतर आयपीएचा दुष्परिणाम काय, तर ड्रायव्हर सीटच्या ज्या कडेवर परत परत वापरलं तिथे पोत थोडा कोरडा लागतो हाताला, रंग तसाच आहे, तडे नाहीत. नंतर ओलं फडकं फिरवायचं मी कधी चुकवलं नाही, त्यामुळे असेल. तयार इंक रिमूव्हर स्टिक पण एक घेतली होती, बॉलपेनवर चालते, पण आयपीएपेक्षा जास्त काही करत नाही आणि किंमत दुप्पट, परत घेणार नाही. इंटिरियर क्लीनरचा फेस मात्र घेईन, शाईसाठी कमी आणि जीन्सच्या निळ्यासाठी जास्त.

आयपीएची बाटली गाडीत ठेवू नका, उन्हात ती फुगते. आमची घरात, देवघर आणि गॅसपासून लांब, चपलांच्या कपाटात वरच्या खणात असते, गाडीत फक्त बनियनचे तुकडे आणि दोन कोरड्या घड्या ठेवलेल्या असतात. डाग पडला की आधी कोरडी घडी दाबून ठेवते, बाकीचं घरी आल्यावर.