हँडब्रेकचे शू आणि स्प्रिंग-पिन किट: काही महिने वापरल्यानंतर

मागच्या चाकाला डिस्क आणि त्याच डिस्कच्या मधल्या पोकळीत हँडब्रेकचे छोटे शू (आतून दाबणाऱ्या अर्धगोल पट्ट्या; ही पोकळीच त्यांचा ड्रम), अशी रचना असलेल्या जुन्या गाडीवर हे किट बसवून काही महिने झाले आहेत. निकाल आधीच सांगतो. शू ठीकठाक आहेत, पैसे वसूल झाले ते शू जागेवर धरणाऱ्या स्प्रिंगा, पिना आणि शूमधलं अंतर जुळवणाऱ्या दातेरी स्क्रूवर, म्हणजे अ‍ॅडजस्टरवर. अशा गाड्यांत लायनर (शूवरचा घासणारा थर) फारसे झिजतच नाहीत, कारण हँडब्रेक बहुतेक वेळा उभ्या गाडीवरच ओढला जातो. कुजतं ते बाकीचं सामान. इथेही जुन्या लायनरची जाडी भरपूर शिल्लक होती. एका पिनेचं डोकं मात्र गंजून अर्धं उरलं होतं, स्प्रिंग सैल पडली होती आणि शू तिरका होऊन कडेने ड्रमला घासत होता. ड्रमच्या आत त्या जागी केसाएवढी चकचकीत रेघ उमटलेली दिसली. जुन्याच शूंवर फक्त नव्या पिना-स्प्रिंगा लावून चाक फिरवलं, तेव्हाच खरखर थांबली.

किट मागवण्याआधी आवाज नक्की कुठला ते ठरवा. मोकळ्या जागेत अगदी हळू गाडी चालवत, लिव्हरचं बटण दाबून धरून हँडब्रेक किंचित ओढा. आवाज बदलला किंवा बंद झाला तर दोष शूच्या बाजूला. लिव्हरने काहीच फरक पडत नाही पण वळणावर घरघर कमी-जास्त होते, तर व्हील बेअरिंगवर संशय घ्या. पत्रा घासल्यासारखी एकसुरी चरचर असेल तर डिस्कमागचा धुळीचा पत्रा वाकलेला असू शकतो; तो हाताने मागे सरकवला की काम होतं, त्यासाठी काही विकत घ्यायला नको.

मग पुढच्या चाकांना ठोकळे लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर टेकवा, हँडब्रेक सोडा आणि चाक हाताने फिरवा. घासत असेल तर केबल सैल करून पुन्हा फिरवा. आता मोकळं फिरलं तर केबल परत येत नाही किंवा जास्त ताणलेली आहे. केबलचं रबरी बूट फाटलं की पाणी आवरणात शिरतं आणि आतली तार गंजून अडकते. बाहेरून तेल सोडून ती फार दिवस चालत नाही, बदललेलीच बरी. केबल सुटूनही घासत असेल तर डिस्क काढावी लागणार.

डिस्क निघत नसेल तर आधी अ‍ॅडजस्टर सैल करा. बऱ्याच डिस्कला आटे असलेली दोन भोकं असतात. त्यात योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने कसले की ती सरकते. काढलेला कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) त्याच्या होजवर, म्हणजे ब्रेक-तेलाच्या नळीवर, लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून धूळ हवेने उडवायची नाही. मास्क लावा आणि ब्रेक क्लीनरने ओली करूनच पुसा.

आत सगळ्यांच्या नजरेतून सुटणारी जागा म्हणजे बॅकिंग प्लेटवरचे (शूमागचा पत्रा) उंचवटे, ज्यांवर शूची कड सरकते. तिथे खाचा पडल्या की शू अडकतो आणि लिव्हर ओढताना कट्ट आवाज येतो. किट कितीही चांगलं असलं तरी हा आवाज त्याने जाणार नाही. उथळ खाच कानशीने सपाट करा, खोल असेल तर प्लेट बदला. उंचवट्यांवर ब्रेकचं उच्च तापमानाचं ग्रीस बोटाने पुसल्याइतकंच लावा, लायनरला अजिबात नको. ड्रमच्या कडेला ओठ (झिजेने उरलेली उंच कड) तयार झाला असेल तर तोही काढा.

आता तक्रारी. अ‍ॅडजस्टरचे आटे कोरडे होते, उघडून ग्रीस लावल्याशिवाय दात नीट फिरले नाहीत. लायनरच्या कडा धारदार होत्या आणि सुरुवातीला किंचाळायच्या; पॉलिश पेपरने हलका उतार दिल्यावर शांत झाल्या. पिनांवरचा मुलामा पातळ आहे, प्लेटमागच्या डोक्यांवर आताच तांबूस झाक दिसते. बसवतानाच तिथे ग्रीसचा हात द्यायला हवा. पिनांची लांबी जुन्यांशी ताडून पाहा, थोडी जास्त असली तरी स्प्रिंग सैल राहते. स्प्रिंगांचा ताण मात्र अजून जसाच्या तसा आहे.

जुळवणीचा क्रम उलटा केला की नवं सामानही वाजतं. केबल पूर्ण सैल ठेवून आधी अ‍ॅडजस्टर फिरवा, डिस्क हाताने फिरेनाशी होईपर्यंत. मग एकेक दात मागे घेत ती न घासता फिरेल असं करा. दोन्ही बाजू सारख्या. त्यानंतरच केबल ताणा आणि लिव्हर किती टकटकांवर घट्ट व्हायला हवा ते गाडीच्या पुस्तिकेत बघा. शूची ढिलाई केबलने भरून काढली तर शूजवळचा लिव्हर मूळ जागी टेकत नाही, शू कायम घासत राहतो आणि थोडं चालवलं की चाक तापतं. दोन्ही चाकांच्या मध्यभागाजवळ हात नेऊन ऊब ताडून पाहिली की हे लगेच कळतं.

आजची स्थिती: लिव्हर पूर्वीपेक्षा एक टक जास्त वर येतो, नवे शू बसल्यावर एवढं होतंच. गाडी ओल्या हवेत उभी राहिली की पहिल्या हालचालीला एकदा ठक्क आणि अर्ध्या फेऱ्याची खसखस येते. तो ड्रमवरचा गंज आहे, किटचा दोष नाही. बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा. ज्यांच्या गाडीत हँडब्रेकची केबल थेट कॅलिपरला जाते, त्यांच्या कामाचं यात काहीच नाही. त्यांनी कॅलिपरवरचा लिव्हर पूर्ण परत येतो का आणि सरकत्या पिना मोकळ्या आहेत का, ते आधी पाहावं.