लॉन्ड्रीला जागेवरच वीज: मायक्रोटर्बाइन, गॅस इंजिन की डीजी?

धाकट्या भावाची साकीनाक्याला लॉन्ड्री आहे, हॉटेलांच्या चादरी-टॉवेल, दोन पाळ्या. लाईट बिल वेगळं, बॉयलरच्या गॅसचं बिल वेगळं, म्हणून पाइप गॅसवर स्वतःची वीज बनवायची का हे आम्ही गेले दोन महिने तपासतोय. कुणाला असाच निर्णय घ्यायचा असेल तर उपयोग होईल.

डीजीचं, म्हणजे डिझेल जनरेटरचं, आधी उरकतो. लाईट गेल्यावर दहा-पंधरा सेकंदांत लोड उचलतो, १२ ऑक्टोबर २०२० ला अख्खी मुंबई बंद पडली तसल्या दिवसासाठी तो हवाच. पण लिटरला साडेतीन युनिटच्या आसपास मिळतात, डिझेल ९० रुपये धरलं तरी नुसतं इंधनच युनिटला २५ च्या वर जातं. रोज चालवायची वस्तू नाही ती. सोसायटीची लिफ्ट आणि पंप एवढंच असेल तर मात्र डीजीच घ्या, पुढचं वाचायचीही गरज नाही.

आता खरी तुलना. मायक्रोटर्बाइन म्हणजे गॅसवर चालणारं, विमानाच्या इंजिनाचं छोटं भावंड, ६५ किलोवॉटच्या मशीनचा शाफ्ट मिनिटाला ९६ हजार फेरे मारतो आणि तोही हवेच्या बेअरिंगवर, म्हणजे ऑइल नाही, कूलंट नाही. गॅस इंजिनाला ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग सगळं ठराविक तासांनी बदलावं लागतं. पण नुसती वीज बघितली तर इंजिनच पुढे, ते गॅसमधली ३८-४० टक्के ऊर्जा विजेत आणतं, टर्बाइन २९. म्हणजे एका घनमीटर गॅसला टर्बाइन पावणेतीन-तीन युनिट देतं आणि इंजिन पावणेचारच्या आसपास, आणि हा फरक रोजच्या बिलात दिसतो.

मग टर्बाइन कशाला? उष्णतेसाठी. इंजिनाची निम्म्याच्या आसपास उष्णता जॅकेटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवायला त्याच्याभोवती फिरणाऱ्या, पाण्यातून येते, ते नव्वदेक डिग्रीचं, धुवायला उत्तम पण त्यातनं वाफ होत नाही. टर्बाइनची सगळी उष्णता धुरात, ३०० डिग्रीच्या आसपास आणि तो धूरही बराच स्वच्छ, त्यावर वाफ काढता येते आणि इस्त्रीच्या रोलरला वाफच लागते. नुसतं पाणी तापवलं तरी ६५ किलोवॉटच्या मशीनवर तासाला अडीच हजार लिटर पाणी ३० वरून ७० डिग्रीवर जातं, आणि मग गॅसमधली ८० टक्क्यांपर्यंत ऊर्जा कामी येते. ही उष्णता वापरणार नसाल तर टर्बाइनचा हिशोब बसतच नाही, हे मी ठामपणे सांगतो. मशीनचा साइज लाईट बिलावरून नाही, गरम पाणी आणि वाफ किती लागते त्यावरून ठरवा.

मुंबईत अजून काही गोष्टी आहेत. टर्बाइनच्या पाटीवरचा किलोवॉटचा आकडा १५ डिग्री हवेचा असतो, आपल्याकडे मे महिन्यात ३५ ला आउटपुट दहा टक्क्यांच्या वर पडतं, तेव्हा कोटेशनमध्ये ३५ चा आकडा लिहून मागा. लाइनमधल्या गॅसचं प्रेशर पुरत नाही, बूस्टर लागतो, तो स्वतःच काही किलोवॉट खातो. खाऱ्या हवेमुळे इनटेक फिल्टरवर लक्ष हवं. लाईट गेल्यावरही चालायला हवं असेल तर बॅटरीवालं मॉडेल घ्यावं लागतं, आणि मोठी मोटर एकदम चालू केली तर ते इंजिनासारखं सहन करत नाही.

सर्व्हिसचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गॅस इंजिनाचा मेकॅनिक भिवंडी-तळोज्याकडनं त्याच दिवशी येतो, टर्बाइन बनवणारे जगातच मोजके, त्यातली सगळ्यात मोठी कॅपस्टोन २०२३ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून जाऊन आली. त्यामुळे सुटे भाग भारतात कुठे ठेवलेत ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

टर्बाइनचं मोठं ओव्हरहॉल ४० हजार तासांनी येतं, दोन पाळ्यांत सात-आठ वर्षं निघतात. भावाचा कल टर्बाइनकडे आहे, माझाही, पण आधी महिनाभर दर तासाला किती वाफ लागते ते लिहून काढतोय, कारण रात्री अकरानंतर रोलर बंद असतात आणि तेव्हाची उष्णता जाणार कुठे ते अजून ठरलेलं नाही.