संज्ञापनाची पदवी, सार्वजनिक विद्यापीठातून

सार्वजनिक विद्यापीठातील संज्ञापनाच्या (कम्युनिकेशन, म्हणजे माध्यमे आणि संवाद यांच्या अभ्यासाच्या) पदवीबद्दल माझे मत अनुकूल आहे, मात्र ते सिद्धान्ताच्या तासांमुळे, स्टुडिओमुळे नव्हे. ‘कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कोणाला आणि कोणत्या परिणामासह सांगतो’ हे अमेरिकी अभ्यासक हॅरॉल्ड लासवेल यांचे १९४८ मधील सूत्र पहिल्याच सत्रात आले, तेव्हा ते पाठ करण्यापुरतेच वाटले. पुढे अमेरिकी संशोधक मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांचा माध्यमांच्या प्रभावावरील, १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास शिकवताना प्राध्यापकांनी एका दिवसाची सहा वृत्तपत्रे टेबलावर पसरली आणि प्रत्येक बातमीने किती जागा व्यापली आहे ते पट्टीने मोजायला लावले. माध्यमे लोकांना काय मानावे यापेक्षा कशाचा विचार करावा हे अधिक परिणामकारकपणे ठरवतात, हे त्या अभ्यासामागील विधान त्या दुपारी शाईने माखलेल्या बोटांनी समजले.

उपकरणांची स्थिती मात्र निराशाजनक होती. आमच्या चाळीस जणांच्या वर्गाला दोनच कॅमेरे होते आणि माझी पाळी आली तेव्हा हाती आलेल्या कॅमेऱ्याची बॅटरी संपलेली होती (अर्ज मात्र तीन प्रतींत दिला होता). ग्रंथालय उत्तम आहे. चित्रीकरण आणि संकलन प्रामुख्याने शिकायचे असणाऱ्याने प्रवेशापूर्वी प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहून घ्यावी.